जुन्नर ते नाणेघाट : व्यापाऱ्यांच्या वाटेवर सायकलनं

जुन्नर सोडून पश्चिमेला निघालं की बराच वेळ सगळं ओळखीचंच दिसतं. ऊस, द्राक्षाच्या बागा, कांद्याची हिरवी रोपं, मधूनच एखादं शेततळं. रस्ता सपाट आहे असंच वाटतं. सायकलवर असलं की मात्र पायांना वेगळं काही कळायला लागतं. एकेक गिअर हलका करावा लागतो आणि लक्षात येतं, की कुकडी नदीचं हे अख्खं खोरं घाटमाथ्याकडे चढत निघालंय. चढ इतका मंद आहे, की गाडीतून जाताना तो कधी जाणवतच नाही. मीही पावसाळ्यात गाडीनं नाणेघाटाला गेलेली आहे. धुकं, धबधबे, मक्याची कणसं हे सगळं पाहिलं होतं, पण हा चढ कळला नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी लादलेले बैल याच खोऱ्यातून का नेत असत, ते या मार्गशीर्षात माझ्या पायांनी मला सांगितलं.

धाकट्या भावाबरोबर मी माउंटन बाइकवरून जुन्नर ते नाणेघाट असा प्रवास केला. गाडीरस्त्यानं हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचं आहे. जमेल तिथं डांबर सोडायचं, वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा धरायच्या, रानातून जायचं आणि वाटेवरचे जुने अवशेष थांबून नीट बघायचे, असं ठरवलं होतं. आमच्या सायकलींना पुढे सस्पेंशन आहे आणि टायर रुंद. डांबरावर अशी सायकल जड वाटते. पण मुरूम, दगडगोटे आणि शेतातली ढेकळं सुरू झाली, की टायरमधली हवा थोडी कमी करायची. मग रबर दगडाला धरून चालतं आणि हाताला बसणारे हादरेही कमी होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला जमीन कोरडी असते, ओढ्यांना थोडं पाणी असतं आणि गवत सोनेरी झालेलं असतं. या भागात सायकल चालवायला याहून चांगले दिवस नाहीत.

निघताना सोबतीला शिवनेरी होता. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीचा डोंगर मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी क्वचितच कुठे असतील. आम्ही पहिला थांबा तुळजा लेण्यांचा घेतला. पाडळीच्या शिवारातून वाट डोंगराच्या पायथ्याशी जाते. सायकली एका शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी लावल्या आणि वर चढलो. कड्याचा पुढचा भाग कोसळल्यामुळे इथली लेणी उघडी पडली आहेत. त्यांतलं एक चैत्यगृह आहे गोल. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. कार्ल्याला किंवा भाज्याला दिसणारा लांबट दालनाचा आराखडा इथे नाही. आत उभं राहून भावानं स्तूपाला प्रदक्षिणा घातली. खांबांच्या आतून ती काही पावलांतच पूर्ण झाली. खांबांवर नक्षी नाही, मूर्ती नाही. छिन्नीचे घाव मात्र अजून दिसतात, तिरपे आणि एकसारखे. त्यांवरून बोट फिरवावंसं वाटतं, पण फिरवू नये. हा दगड आता ठिसूळ झालाय.

हा एवढा खर्च केला कोणी, याचं उत्तर जुन्नरच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत आहे. बांबूचं काम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचे व्यापारी अशा धंदेवाल्यांच्या श्रेणी, म्हणजे संघ, त्यांत भेटतात. त्यांच्याकडे रक्कम ठेवायची आणि त्या उत्पन्नातून लेण्यांची सोय बघायची, अशी व्यवस्था होती. दान देणाऱ्यांत यवन म्हणवणारेही आहेत. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाच्या अमात्याचं दान नोंदवलेलं आहे. म्हणजे अमात्य, कारागीर, परदेशी व्यापारी या सगळ्यांचा पैसा या डोंगरात लागला, आणि तो जुन्नरला आला तो आम्ही धरलेल्या वाटेनं. पैठण आणि तेरकडचा माल जुन्नरला यायचा, नाणेघाटातून खाली उतरायचा आणि कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत पोचायचा. तुळजा लेण्यांतून पश्चिमेकडे बघितलं तर खोऱ्याचा तो उघडा पट्टा दिसतो. तिथून पुढचा सगळा दिवस मी हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून सायकल चालवली.

आपटाळ्यापर्यंत उसाची सोबत असते. जुन्नर तालुक्यात ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. लपायला दाट पीक, प्यायला पाटाचं पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या इथे वाढल्या आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. वाटेत पाणी भरायला थांबलो, तिथल्या एका काकांनी स्पष्ट सांगितलं, "दिवसभर बिनघोर फिरा, ताई. पण दिवस मावळला की उसाच्या कडंनं सायकल घालायची नाय. तुमी वाकून चालवता, त्याला लहान जनावर वाटंल." इथल्या माणसांना हे सावध राहणं रोज जगावं लागतं. पहाटे पाण्याची पाळी असलेला शेतकरी काठी आणि बॅटरी घेऊन जातो. आम्ही अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

आपटाळं मागे पडलं की ऊस संपतो आणि भाताची खाचरं लागतात. कापणी झाली होती, काही खळ्यांवर झोडणी चालू होती. हवेत पेंढ्याचा वास होता. इथून आम्ही डांबर सोडलं. खाचरांच्या बांधाकडेनं निघालेली गाडीवाट ओढा ओलांडून रानात शिरते. जांभूळ, ऐन, अंजन, हिरडा, मधूनच आंब्याचं जुनं झाड आणि खाली करवंदाच्या जाळ्या. अशा वाटेवर डोळे चाकापासून पाच-सहा हात पुढे ठेवावे लागतात. पाचोळ्याखाली दगड लपलेला असतो. झाडाचं मूळ आडवं आलं तर पुढचं चाक त्यावर सरळ न्यायचं, तिरकं गेलं की घसरतं. चढावर सीटच्या टोकाशी सरकून बसायचं, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही आणि मागच्याची पकडही सुटत नाही. उतारावर नेमकं उलटं. अंग मागे, कोपर सैल, आणि ब्रेकवर एकेकच बोट. हे सगळं करताना मन दुसरीकडे जातच नाही. चालताना मी विचारांत हरवते, गाडीत गप्पांत. सायकलवर रानात असले की फक्त वाट असते, आणि म्हणूनच तिच्यातले बदल टिपता येतात. मुरूम कुठे संपला, कातळ कुठे लागला, कुठल्या वळणावर कोणीतरी कधीकाळी दगड रचून कठडा केलाय, हे दिसत जातं.

एका वाडीत आजींनी आम्हाला ओसरीवर बोलावलं. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कुटनं आला गं पोरी? आन् ही सायकल एवढी दांडगी का?" हा सगळा महादेव कोळी समाजाचा मुलूख. घरामागच्या झाडाकडे हात करून आजी म्हणाल्या, "ह्यो हिरडा. भात वरीसभर पुरत नाय, मंग ह्योच सांभाळतो आमाला." कोवळा बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा या पश्चिम पट्ट्यातल्या घरांचा मोठा आधार आहे. औषधांत लागतो, त्यामुळे त्याला मागणी असते. झाडं कोणाच्या बांधावर किती, कुठल्या झाडाचा हिरडा चांगला, आजींना सगळं पाठ होतं. रान म्हणजे आपल्याला हिरवळ, सावली, फोटो. त्यांच्या लेखी तो घरचा हिशेब आहे. वाटेवर हिरड्याचं झाड दिसलं, की त्यानंतर मी सायकल त्याच्या बुंध्याला टेकवणंही टाळलं.

चावंड दुरूनच ओळखू येतो. उभ्या कातळाची भिंत आणि वर सपाट माथा. शिवाजी महाराजांच्या काळात त्याचं नाव प्रसन्नगड होतं. त्याआधी अहमदनगरच्या निजामशाहीत भाऊबंदकी माजली, तेव्हा बहादूर या बालवारसाला इथे बंदिवान करून ठेवलं होतं. सायकली पायथ्याच्या वाडीत ठेवून आम्ही वर गेलो. कड्यात खोदलेल्या पायऱ्या मध्येच तुटलेल्या आहेत. १८१८ साली इंग्रजांनी हे किल्ले घेतले आणि ते पुन्हा कोणाच्या कामाला येऊ नयेत म्हणून वाटाच उद्ध्वस्त केल्या. तुटलेल्या जागी आता लोखंडी रेलिंग आहे. त्याला धरून वर सरकताना लक्षात येतं, की किल्ला पाडण्यासाठी तटबंदी फोडावी लागत नाही. पायऱ्या फोडल्या तरी पुरतं.

माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांत सात टाक्यांचा एक समूह. डिसेंबरातही त्यांत पाणी होतं. दिवसभर सायकल चालवल्यावर अशा टाक्यांकडे बघण्याची नजर बदलते. आमच्या बाटल्या तळाला गेल्या होत्या, घसा कोरडा होता. तहान लागली की त्या खोदणाऱ्यांची अक्कल समजते. या दख्खनी कातळातून पाणी सहज झिरपून जात नाही. पावसाचं पाणी कुठे साठेल, ऊन कुठे कमी लागेल, याचा अंदाज घेऊन ही टाकी कोरलेली आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने पाण्याची वणवण, हे इथल्या माणसाला तेव्हाही होतं आणि आजही आहे. माथ्यावरून उत्तरेला माणिकडोह धरणाचं पाणी आणि त्यापलीकडे हडसर, पश्चिमेला जीवधन, पूर्वेला शिवनेरी. खोऱ्यातून जाणारा एकही तांडा या गडांच्या नजरेतून सुटला नसता. चार किल्ले चार वेगवेगळ्या सहलींत बघितले, तर ते चार डोंगर वाटतात. एकाच वाटेनं सायकल चालवत आलं, की ती एकाच वाटेची चौकी-पहाऱ्याची रचना आहे हे कळतं.

चावंडहून पुढे पूर गावाजवळ कुकडेश्वराचं मंदिर आहे. कुकडी नदीचा उगम इथलाच. मंदिराला आज शिखर नाही. जे उरलंय ते एवढं देखणं आहे, की आम्ही ठरवलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त तिथे थांबलो. खांबांच्या माथ्यावर छताचा भार पेलणारे यक्ष आहेत, गुडघे मुडपून, गाल फुगवून बसलेले. दोन यक्षांचे चेहरे सारखे नाहीत. एकाला खरंच ओझं झालंय, दुसरा ते मजेत पेलतोय. गाभाऱ्यातल्या गारव्यात बसलं, की ज्या नदीच्या खोऱ्यातून दिवसभर पेडल मारत आलो ती इथून निघते, हे मनाला फार भावतं. खाली जुन्नरला हीच कुकडी उसाला, द्राक्षाला पाणी देते. वर तिच्या उगमाशी राहणाऱ्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन चालावं लागतं. ही गोष्ट त्या सुंदर मंदिराच्या दारात बसूनही विसरता येत नाही.

मुक्काम घाटघरला, ओळखीतल्या एका घरी. तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवण झाल्यावर घरचे बाबा जुन्या वाटेबद्दल बोलत बसले. त्यांच्या तरुणपणी लोक नाणेघाट उतरून वैशाखऱ्याला, तिथून मुरबाडच्या बाजाराला जायचे. डोक्यावर ओझं, पायात काही नाही. "रातीचं निघायचं, उजाडायला खाली," ते म्हणाले. सातवाहनांची वाट असं आपण पुस्तकात वाचतो, पण ती बाबांच्या तरुणपणापर्यंतही चालती होती. सरकारं बदलली, माल बदलला, ओझं वाहणारा माणूस तोच राहिला.

सकाळी लवकर घाटाच्या तोंडाशी पोचलो. खोरं जिथे संपतं तिथे जमीनच संपते आणि खाली कोकण उघडं पडतं. चढ इतका मंद आणि उतार इतका अचानक, म्हणून ही जागा नाक्याला योग्य. मालाला दुसरीकडून पळवाट नाही. तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत असत असं परंपरा सांगते. आम्ही सायकली वरच ठेवल्या आणि खिंडीतून पायी उतरलो. दोन्ही बाजूंना उभा कातळ, मध्ये अरुंद नाळ आणि पायाखाली दगडी फरसबंदी. या दगडांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. त्यांवर टायर घासवत उतरण्याचा मोह कोणाला होत असेल तर तो टाळावा. ही फरसबंदी हाही एक अवशेषच आहे.

थोडं उतरलं की लेणं लागतं. आतल्या दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची नोंद त्यात आहे. त्या नोंदीतले आकडे हे ब्राह्मी अंकांच्या फार जुन्या नमुन्यांपैकी आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी. वर त्यांची नावं कोरलेली आहेत. मूर्ती गेल्या, फक्त पावलांच्या खुणा उरल्या. मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होते. राजघराण्यानं आपल्या मूर्ती आणि आपला लेख राजधानीत ठेवण्याऐवजी जकातीच्या नाक्यावर कोरावा, यात त्यांचं शहाणपण दिसतं. इथून जाणारा प्रत्येक व्यापारी, प्रत्येक परदेशी माणूस विसाव्याला थांबणार आणि बघणार. शिवाय तो लेख एका राणीच्या नावानं उभा आहे. महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाच्या अगदी सुरुवातीला घाटवाटेवर एक बाई स्वतःच्या नावानं उभी आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

त्यानंतर जीवधन. घाटघरच्या बाजूनं पायी चढाई. इथल्याही पायऱ्या सुरुंगानं उडवलेल्या. वर कातळात कोरलेलं धान्याचं कोठार आहे. अंधाऱ्या आतल्या खोलीत बॅटरीचा उजेड टाकला, तर पायाखाली राखेचा थर. १८१८च्या युद्धात पेटलेल्या धान्याची ही राख असं गावकरी सांगतात.

परतीला आम्ही बाबांनी सांगितलेली रानवाट धरली. येताना पायांनी जो चढ एकेक गिअर हलका करत चढलो, तो आता उलटा झाला होता. वाट मोकळी होती, चाकांनी वेग घेतला, थंड वारा कानांत भरला, पाचोळा चाकाखाली चुरडत होता. दोन वाड्यांमधल्या उतारावर भाऊ पुढे आरडाओरडा करत निघाला आणि मी त्याच्या मागे तशीच ओरडत. वाडी जवळ आली की वेग कमी करायचा, घंटी वाजवायची, खळ्यावर वाळत घातलेल्या भाताला वळसा घालायचा. पोरं मागे धावायची. धरणाच्या काठानं येताना दुपारच्या उन्हात चावंड आणि हडसर दोन्ही बाजूंना दिसत राहिले.

या प्रवासानंतर एक गोष्ट मला फार आग्रहानं म्हणावीशी वाटते. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत शिवनेरी आहे. त्याचा आनंद आहेच. पण शिवनेरीला, चावंडला, जीवधनला, तुळजा लेण्यांना अर्थ देणारी जी वाट आहे, ती तशीच बेवारशी आहे. तिच्यावर कुठे पाटी नाही, कुठे खूण नाही, आणि रस्ता रुंद होताना तिचे तुकडे सहज मुरुमाखाली जातील. ही वाट पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आखून, खुणा करून राखायला हवी. त्यासाठी मोठी बांधकामं लागत नाहीत. काही दगडी खुणा, वाड्यांमध्ये राहण्या-जेवण्याची सोय आणि त्याचे पैसे थेट त्या घरात जातील एवढी व्यवस्था पुरेशी आहे. बाळहिरड्याला भाव मिळाला नाही त्या वर्षी त्या घरांना याचा आधार होईल.

आणि सायकलवाल्यांनी स्वतःचे नियम पाळावेत. पावसाळ्यात आणि जमीन ओली असताना रानवाटेवर चाक घालू नये. ओल्या मातीत टायरची खाच पडते, पुढच्या सरीत तिची घळ होते आणि वाट वाहून जाते. खाचराच्या बांधावरून जाऊ नये, बांध फुटला तर शेतकऱ्याचं पाणी जातं. लेण्यांत, फरसबंदीवर, किल्ल्याच्या पायऱ्यांवर सायकल नेऊ नये. पाणी वाडीतून भरायचं असेल तर आधी विचारावं, आणि उन्हाळ्यात मागूच नये. एवढं सांभाळून कोणीही जुन्नरहून पश्चिमेला निघावं. चढ सगळ्यांना झेपेल असाच आहे. लादलेल्या बैलांना झेपावा म्हणूनच तर ही वाट निवडली होती.